मोकळं पडलेलं नाव

१

दुपारी एक ते चार आमचा क्लास बंद असायचा. साल नव्याण्णव. बारामतीत भिगवण रोडला, एका खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. पुढच्या खोलीत चार कॉम्प्युटर, मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको पायल. मधे एक लाकडी दार. सकाळी आणि चारच्या बॅचला पणदऱ्याहून, पिंपळीहून पोरं-पोरी एसटीने यायची आणि चपला जिन्यात काढून, देवळात शिरावं तशी आत शिरायची. संध्याकाळी कचेऱ्यांतले कारकून यायचे. दुपारी मात्र कोणी नाही. मी जेवायचो, मधलं दार ओढून घ्यायचो आणि खेळायला बसायचो. पलीकडे भांडी, मग रेडिओ, मग शांतता. अलीकडे मोडेमची किंचाळी.

खेळाचं हे खूळ लियाकतनं डोक्यात घातलं. तो लोणी देवकरचा, तिथल्याच एमआयडीसीतल्या कारखान्यात मेंटेनन्सला. गुरुवारी त्याला सुट्टी, म्हणून बाजाराला आला की माझ्याकडे हमखास चक्कर. खेळात चित्रं नव्हती, नुसती हिरवी इंग्रजी अक्षरं. 'तुम्ही जंगलात उभे आहात. उत्तरेला वाट आहे.' आपण 'उत्तर' असं टाइप केलं की उत्तरेला. जगातली कुठकुठली माणसं एकाच वेळी त्या जंगलात फिरत असायची.

आत शिरण्याआधी आपण कोण ते ठरवावं लागे. लियाकत हसून म्हणाला, "हितं बी आधी जात इचारत्यात, सर. फरक इतकाच, हितं आपली आपण निवडायची."

तलवारवाला, मांत्रिक, वैद्य, चोर, आणि यादीच्या तळाला एक लांबलचक इंग्रजी शब्द. मी त्याला हुकूमदार म्हणायचो. दोन दिवस मी त्या पाचांची माहिती वाचत होतो. मुली बघायला हिंडत होतो तेव्हाही इतकी मजा आली नव्हती. तलवारवाल्याला फार मरावं लागतं, वैद्य म्हणजे हमाल, मांत्रिकाला पाठांतर. हुकूमदाराचं बरं होतं. तो हत्यार उचलत नाही. त्याला एक सेवक मिळतो. सेवक पुढे चालतो, ओझं वाहतो, मार खातो. हुकूमदारानं फक्त सांगायचं.

"ह्यो काय गड्याचा खेळ हाय व्हय?" लियाकत म्हणाला. तो स्वतः तलवारवाला. "दुसऱ्यानं मरायचं आन् तुमी बसून ऱ्हायचं?"

"मास्तर माणसाला तेच शोभतं," मी म्हणालो.

२

सेवक पुरुष की स्त्री? मी स्त्री लिहिलं. नाव काय? राणी लिहिलं, तर उत्तर आलं, 'हे नाव वापरात आहे.' माया, राधा, मोहिनी. सगळी वापरात. शेवटी खेळानं जरा दरडावूनच लिहिलं, 'जे नाव कोणी वापरत नाही, असं द्या.'

असं एक नाव माझ्या घरातच पडून होतं.

पायलचं माहेरचं नाव म्हाळसा. लोणी देवकरच्या सोनबांची ही एकुलती लेक. पोरगी देखणी, बारावी झालेली, पण नाव काय, तर म्हाळसा! मी गावाला कॉम्प्युटर शिकवणारा माणूस. चारचौघांत बायकोला अशी हाक मारायची म्हणजे माझं हसं झालं असतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव अंगठीनं लिहितात, तेव्हा मी ठळक 'पायल' लिहिलं. बायका टाळ्या पिटून हसल्या. तीही हसली, मग ताटातल्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिली. रेशनकार्डावर पायल, बँकेत पायल. दोन वर्षांत जुन्या नावाला माझ्या घरात कोणी शिवलं नव्हतं.

मी टाइप केलं, म्हाळसा. खेळानं क्षणभरही न थांबता घेतलं. 'म्हाळसा तुमच्यासमोर उभी आहे.'

३

खोटं कशाला बोलू, मला तो खेळ फार आवडला. 'जा' म्हटलं की म्हाळसा जायची. 'उचल' म्हटलं की उचलायची. अस्वल आलं, तिनं मार खाल्ला, मला ओरखडा नाही. दिवसभर पोरांना माउस धरायला शिकवून हैराण झालेल्या माणसाला, एका शब्दात ऐकणारं कोणी मिळालं की काय वाटतं, ते हुकूमदारालाच कळेल.

दहाव्या दिवशी मी एक पायरी वर चढलो. पायरी चढली की सेवकाला एक गुण देता येतो. यादी आली. बळ, चपळाई, वाट. आम्ही जंगलात सारखे चुकत होतो, म्हणून मी 'वाट' निवडली. त्यानंतर म्हाळसा कुठंच चुकली नाही. अंधाऱ्या गुहेतूनही ती मला सरळ बाहेर काढायची.

त्याच दिवशी, गुरुवारी, पायल भाजी आणायला गेली ती चार वाजले तरी आली नाही. साडेचारला शेजारच्या बानूबाई तिला हाताला धरून घेऊन आल्या.

"स्टँडावर हुबी हुती," बानूबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, गं, घरी न्हाय जायाचं? तर म्हनती, घर कुठल्या अंगाला हाय?"

रोजचा रस्ता. दोन वर्षं ती डोळे मिटून जायची-यायची. मी तिची भरपूर टिंगल केली. "चकवा लागला की काय? का माहेरची एसटी शोधत होतीस?" तीही ओशाळून हसली. दुसऱ्या दिवशी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि स्वयंपाकघर कुठे ते न कळून पॅसेजमध्ये उभी राहिली. हे मी पाहिलं आणि दार ओढून घेतलं. म्हाळसा वाट बघत होती.

४

एक ओळ खटकली ती त्यानंतर. खेळाच्या सगळ्या ओळी इंग्रजीत आणि ठरलेल्या. 'म्हाळसा पुढे जाते.' 'म्हाळसा थांबते.' एका दुपारी दरीच्या तोंडाशी इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ आली, 'म्हाळसा पदर खोचते आणि खाली उतरते.'

मी दोनदा वाचली. लियाकतचाच चावटपणा, दुसरं काय. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवरून तोही आत येतो, काहीतरी करून ओळ घुसवली असेल. मी खुशाल पुढे गेलो. त्या दरीत मला दुसरी पायरी मिळाली आणि यादी आली. ढाल, डोळा, हात. हात म्हणजे कसब. सेवक मुक्कामाला चूल पेटवतो, रांधतो, जखमा बांधतो. मी 'हात' निवडलं.

पलीकडे त्या वेळी पायल संध्याकाळच्या भाकरी करत होती. परातीतली थाप मला भिंतीतून ऐकू यायची. थप थप थप, मग तव्यावर टाकल्याची चर्र, पुन्हा थप थप. मी एंटर दाबलं आणि ती थाप मधेच थांबली.

मी कान दिला. काहीच नाही. मग थाप पुन्हा सुरू झाली, पण भिंतीकडून नाही. माझ्या गुडघ्याशी कॉम्प्युटरचा डबा होता, त्यातून. हार्ड डिस्क फिरताना खरखर करते, हे मीच पोरांना शिकवतो. पण खरखरीला ताल नसतो. आणि ही थाप मधे मधे थांबत होती, भाकरी तव्यावर टाकायला लागेल तेवढीच.

मी उठून दार उघडलं. तवा तापून धुरकटला होता. पायल परातीसमोर बसली होती, दोन्ही हात पिठानं भरलेले, आणि त्या हातांकडे बघत होती.

"काय झालं?"

"अहो," ती म्हणाली, "हे पुढं कसं करायचं असतं?"

मला भीती वाटली. हे कबूल करतो. मी गॅस बंद केला, तिचे हात धुतले. थकवा असेल, रक्त कमी असेल. डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि लाल गोळ्या दिल्या. आपल्या बाया अंगावर दुखणी काढतात, असंही म्हणाले. त्या संध्याकाळी खानावळीतून डबा आला. खेळात मात्र मी चुलीवरची भाकरी खाल्ली. 'तुम्हाला तरतरी वाटते,' असं खेळानं लिहिलं, आणि मला खरंच वाटली.

५

पुढच्या गुरुवारी लियाकत आला. मी त्याला पकडलंच. "ते मराठी लिहिण्याचे चाळे बंद कर."

"कसलं चाळं?"

मी त्याला शेजारी बसवलं, त्याचे दोन्ही हात मला दिसतील असे, आणि आत शिरलो. 'म्हाळसा उठून उभी राहते. म्हाळसा केसांची गाठ मारते.' लियाकतनं ओळ वाचली आणि त्याचं हसणं गेलं. त्याला मराठीचं काही वाटलं नव्हतं. तो नावाकडे बघत होता.

"ह्ये वैनींचं नाव हाय. आमी एका आळीत वाढलोय, सर. तुमी घरातल्या बाईचं नाव नोकराला दिलं?"

"अरे, मोकळं पडलं होतं. आता ती पायल आहे."

"मोकळं कुठलं? सोनबा आबा आजून त्याच नावानं हाक मारत्यात की."

तेवढ्यात मधलं दार उघडून पायल आली. हातात ट्रे, ट्रेवर दोन कप. ती दारातच थांबली, कुठे जायचं ते तिला कळेना. लियाकतनं उठून ट्रे घेतला. कपांत नुसतं गरम पाणी होतं, वर कोरडी चहापत्ती तरंगत होती. लियाकतनं ते पाणी तिच्यासमोर पिऊन टाकलं आणि म्हणाला, "झकास झालाय, वैनी."

ती आत गेली तसा तो माझ्या खांद्यावर वाकला. "पयल्या पानावर जावा. जात बदला. तितं लिवलंय बगा, हुकूमदारी सोडली की सेवक सुटतोय. आत्ता सोडा, माझ्यासमोर."

"तू शिकलेला ना रे? मशीनवर काम करतोस. आणि असलं मानतोस?"

"मानत न्हाय. तरी सोडा."

मी उद्या सोडतो म्हणालो. उद्या कशाला हवा होता? एक दुपार अजून मिळावी म्हणून. एवढंच कारण होतं.

६

त्या एका दुपारी मला तिसरी पायरी मिळाली.

यादीत तीन शब्द होते. बळ, डोळा, आवाज. पहिल्या दोन वेळी मला काही माहीत नव्हतं, हे मी कोणासमोरही सांगेन. तिसऱ्या वेळी माहीत होतं. भिंतीपलीकडे पायल रेडिओबरोबर गुणगुणत होती. वाट गेली, हात गेले, तरी ती गुणगुणायची. मी ते दोन-तीन मिनिटं ऐकलं. हे सगळं थोतांड असेल तर काही बिघडणार नाही, आणि खरं असेल तर एकदा खात्री तरी होईल, असं मी स्वतःला समजावलं. मी आवाज निवडला.

रेडिओ चालू राहिला. गुणगुणणं थांबलं.

मी उठलो नाही. पडद्यावर ओळ आली होती. 'म्हाळसा म्हणते, अहो, इथं आहात का?'

त्यानंतरचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना. आता ऐकणाऱ्याला राग येईल, येऊ दे. पायल घरात बोलायची ते गॅस संपला, लाइट गेली, आबांचा गुडघा धरलाय. म्हाळसा तसलं काही बोलायची नाही. 'दमलात का?' म्हणायची. 'तुम्ही सांगाल तिकडं' म्हणायची. फक्त मुक्काम पडला की एक प्रश्न ठरलेला, 'घरी कधी जायचं?' मी लिहायचो, हा डोंगर झाला की. ती डोंगर चढायची. वर गेलं की पुन्हा विचारायची. मी पुढचा डोंगर दाखवायचो.

पलीकडची पायल स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली असायची. भरवलं की खायची. पुण्याच्या डॉक्टरांनी घसा तपासून घशाला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. बानूबाई मीठ-मोहऱ्या उतरवून गेल्या. लियाकत दर गुरुवारी जिन्यात उभा राहून विचारायचा, "सोडली का?" मी दार उघडणं बंद केलं.

७

सोनबामामांना निरोप लियाकतनंच दिला असणार. एका दुपारी जिन्यात जड पावलं वाजली आणि माझे सासरे दारात उभे राहिले. डोक्याला पटका, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कणसांची पिशवी. कॉम्प्युटर चालू होता, लाइन लागलेली होती. मी घाईघाईनं खुर्चीतून उठलो.

"या मामा. आधी कळवलं असतं तर..."

"लेक कुठं हाय, जावईबापू?"

मी मधलं दार उघडलं. पायल भिंतीला टेकून बसली होती. ते गुडघ्याला हात लावून मोठ्या कष्टानं तिच्यासमोर खाली बसले. तिच्या तोंडाकडे पाहिलं, हनुवटी धरून हलवली. तिनं डोळेसुद्धा वळवले नाहीत.

"म्हाळसा," ते म्हणाले. "म्हाळसा, म्या आलोय."

पुढच्या खोलीत कॉम्प्युटर पीक असा वाजला.

मी दोन्ही खोल्यांच्या मधे, उंबऱ्यावर उभा होतो. इकडून पडदा दिसत होता. इंग्रजी अक्षरांत एक नवी ओळ होती. 'आले, आबा.'

"ए म्हाळसा. बाई माझी."

पीक. 'आबा, कुठं आहात तुम्ही? दिसत नाही.'

मामांनी मान वर केली. माणूस अडाणी, पण आयुष्य गुरांत गेलेलं. हाकेला ओ कुठून येते, ते त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली आणि या वेळी लेकीकडे न बघता दाराकडे कान केला. पीक. मग ते भिंत धरून उठले, मला ओलांडून पुढच्या खोलीत आले आणि कॉम्प्युटरसमोर उभे राहिले.

"म्हाळसा?"

त्यांच्या डोळ्यांसमोर ओळ उमटली. 'आबा, हितं लई अंधार हाय. मला न्या.'

ती ओळ मी पुन्हा वाचली. माझ्याशी ती कधी तशी बोलली नव्हती. माझ्याशी ती पुस्तकातलं बोलायची, मी लग्नानंतर तिला शिकवलं तसं.

मामा अक्षरांना बोट लावून बघत होते. मराठी अक्षरं असती तर अडखळत वाचलीही असती. ही इंग्रजी अक्षरं. "जावईबापू," ते म्हणाले, आणि आवाज इतका बारीक झाला की तो त्यांचा वाटेना. "ह्ये काय लिवलंय? माझ्या लेकीचं हाय का ह्ये? मला वाचून दावा. पाया पडतो तुमच्या."

आणि ते खरंच वाकले.

पहिल्या पानावर जायला दोन बटणं लागतात. जात बदलायला एक. मी खुर्चीत बसलो, हात पुढे केले. ती सुटली असती, आबांबरोबर गेली असती आणि पुन्हा या घरात कधी आली नसती. उद्या दुपारी एक वाजता मी कोणाला सांगणार होतो, जा म्हणून?

मी दुसरंच टाइप केलं. हुकूमदाराला दिलेल्या हुकमांच्या यादीत ते असतं, मी आजवर कधी वापरलं नव्हतं. गप्प राहा.

'जी,' एवढीच ओळ आली.

त्यानंतर पडदा वरपासून खालपर्यंत काळा झाला. काळ्या काचेत मामांचा चेहरा दिसत होता, पटका, पांढऱ्या मिशा. त्यांच्या अगदी जवळ, पण काचेच्या आतल्या बाजूला, आणखी कोणीतरी उभं होतं. पदराचा बोळा तिनं दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला होता. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा नुसते मामा होते.

"म्हाळसा," त्यांनी हाक मारली.

कॉम्प्युटर वाजला नाही.

"मगाशी वाजत हुतं की," ते म्हणाले. "म्हाळसा! ए म्हाळसा!"

"लाइन गेली, मामा," मी म्हणालो. "फोनची लाइन. ते मशीन आहे, आपोआप वाजतं."

त्यांनी माझं ऐकलं नाही. स्टूल ओढलं, पडद्याच्या काचेवर तळहात ठेवला आणि हाका मारत राहिले. आधी मोठ्यानं, मग हळू. ती लहान असताना शेतातून बोलवायचे तशा, लांबवलेल्या हाका. डब्यातून कसलाही आवाज येत नव्हता. ती ऐकत होती, हे मला माहीत होतं. पण माझा शब्द तिनं मोडला नाही.

चारला पाच मिनिटं कमी असताना जिन्यात पोरांच्या चपला वाजायला लागल्या.

"मामा," मी म्हणालो, "उठा आता. क्लासची वेळ झाली."